गुहागरकडचा इंग्रज आणि त्याची बायको

शारजातल्या रोल्ला नावाच्या वस्तीत, मोबाइलच्या एका दुकानावर दुसऱ्या मजल्यावर एक इंग्रज मास्तर शिकवायचा, असं तिथले जुने लोक अजून सांगतात. त्याचे डोळे घारे होते, केस उन्हात तांबूस दिसायचे आणि तो फार कमी बोलायचा. हे सगळं खरं आहे. फक्त तो गुहागरचा होता आणि आडनाव रिसबूड.

कुशल रिसबूड आणि त्याची बायको आभा पुण्याहून तिकडे गेले ते बाजार चढता असताना. अलीमियाँ नावाच्या हैदराबादी गृहस्थांचा इंग्रजी बोलायला शिकवायचा क्लास होता. त्यांनी मुद्दाम जोडपं मागवलं. दोन मास्तरांना दोन खोल्या लागतात, नवराबायकोला एक पुरते, असा सरळ हिशेब. शारजाच्या सीमेलगत, दुबईतल्या अल कुसैसमध्ये त्यांनी या दोघांना एक खोली दिली. तिच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसायची, आणि त्या खिडकीतून बहुधा यांची. व्हिसाही अलीमियाँनी एकच काढला, कुशलचा. आभा नवऱ्याच्या व्हिसावर.

खरी मास्तरीण मात्र आभा. ती सोलापूरची, सावळी, आवाज खणखणीत. संध्याकाळची बॅच तिची. ती पुस्तक उघडायचीच नाही. वर्गात भांडणं लावायची. एकाला घरमालक करायची, दुसऱ्याला भाडेकरू, आणि म्हणायची, “चला, नळ गळतोय. भांडा. इंग्रजीत.” तिच्या हाताखाली एक मलबारी ब्रोकर इतका तयार झाला, की समुद्रात अजून न टाकलेल्या वाळूवरचा बंगला त्याने एका माणसाला विकला आणि वर्षाच्या आत तोच बंगला त्याच माणसाला पुन्हा विकला. माणूस दोन्ही वेळा खूश होता.

कुशल सकाळी शिकवायचा. त्याचं इंग्रजी शुद्ध होतं, इस्त्री केलेल्या धोतरासारखं. पण तो शिकवायला लागला की भिंतीतला एसीसुद्धा पेंगायचा.

मग दोन हजार आठ साली दसऱ्याच्या आसपास दूर कुठेतरी बँका बसल्या आणि दिवाळीपर्यंत त्याचा धक्का रोल्ल्यात पोचला. क्रेन जिथल्या तिथे थांबल्या. कर्जात बुडालेली माणसं विमानतळावर गाडी लावायची, किल्ली आतच ठेवायची आणि मायदेशी निघून जायची. त्या गाड्यांवर इतकी धूळ साचली, की एकीच्या टपावर म्हणे कुणी मेथी पेरली आणि ती उगवली. मेथी मी खाल्लेली नाही, पण खाल्लेला माणूस मला भेटला आहे.

आभाची संध्याकाळची बॅच सगळी ब्रोकरांची. ती एका महिन्यात आटली. शेवटी शेवटी तर घरमालक व्हायला माणूस असायचा, भाडेकरू व्हायला नसायचा.

अशात एक दिवस लिफ्टमध्ये एका लेबनानी माणसाने कुशलकडे निरखून पाहिलं. “इंग्लिश?” त्याने विचारलं. कुशलला वाटलं, क्लासबद्दल विचारतोय. तो म्हणाला, “येस, सेकंड फ्लोअर.” तो माणूस त्याच्या मागोमाग वर आला आणि नाव घालून गेला.

अलीमियाँ काउंटरमागून हे बघत होते. तो माणूस गेल्यावर ते कुशलच्या अगदी जवळ आले.

“मास्टरसाब, आपके आँखां कौनसे रंग के हैं?”

“घारे.”

“घारे-वारे नक्को बोलो. ये इंग्लिस्तान के हैं.”

“अलीमियाँ, मैं कोंकण से हूँ. हमारे में सबके ऐसेही होते हैं.”

“हौ, मगर वो आपकू मालूम, मेरेकू मालूम. शारजाकू क्या मालूम?”

आठवड्यात जिन्यात पाटी लागली. थेट इंग्लंडहून आलेले मिस्टर कोल रिस्बी आता आपल्या सेवेत. पाटीवर ब्रिटनचा झेंडा होता. तो रंगाऱ्याने आडवा लावायचा तो उभा लावला होता, पण कुणाचं लक्ष गेलं नाही.

आभाने पाटी वाचली आणि अलीमियाँना विचारलं, “और मैं?”

“आप रिसेप्शन, मॅडम. थोडे दिन. इंग्लिस्तान के साब के बाजूवाले कमरे में इंडियन मॅडम पढाते बोले तो लोगां क्या सोचेंगे? मार्केट सुधरा कि शाम की बॅच आपकीच. इन्शाल्ला.”

अलीमियाँचं इन्शाल्ला कसल्या जातीचं आहे, ते आभाला एव्हाना कळत होतं.

घरी ती कुशलला म्हणाली, “तू नाही म्हणाला नाहीस.”

“अगं, नाही म्हटलं तर व्हिसा कॅन्सल. महिन्याभरात पुण्यात.”

“माझा वर्ग गेला, कुशल.”

“पुण्यात वर्ग मिळेल की तुला. जायचं का बोल.”

पुण्यात आभाने आठ वर्षं शिकवलं होतं. तिथे पोरं पास व्हायला यायची. रोल्ल्यात माणसं बोलायला यायची. दिवसभर ज्याच्यावर साहेब ओरडलाय तो संध्याकाळी येऊन म्हणायचा, मॅडम, उद्या मला उलट ओरडायचंय, शिकवा. असा वर्ग एकदा मिळालेला माणूस परत पास करायच्या धंद्यात जात नाही. तिला तोच वर्ग परत हवा होता, तिथेच, त्याच फळ्यापुढे.

“राहू,” ती म्हणाली. “पण लेसन मी लिहिणार. निदान माझी वाक्यं तरी वर्गात जाऊ देत.”

तेव्हापासून कुशल इंग्रज झाला. इंग्रज होणं फार अवघड नसतं, गप्प बसता आलं पाहिजे. त्याच्या गप्प बसण्याची कीर्ती शेजारच्या अजमानपर्यंत गेली. पूर्वी ज्याला पेंग म्हणायचे त्याला आता गांभीर्य म्हणायला लागले. मात्र त्याला क्लासच्या आसपास हिंदी बोलायची बंदी होती, टपरीवरचा चहा बंद, वडापाव तर पाहायचाही नाही. आणि बायकोशी ओळख दाखवायची नाही. रोज शेअर टॅक्सीत तो पुढे बसायचा, ती मागे. रोल्ल्यात उतरताना तो दार धरून म्हणायचा, “आफ्टर यू, मॅडम.” ती मनात त्याला सोलापुरी शिव्या घालायची. घरी आल्यावर त्या मोठ्याने घालायची.

“आज तो कंडिशनलचा लेसन कसला बोअर केलास रे! बाहेर ऐकू येत होतं.”

“मी तुझाच लिहिलेला वाचला.”

“मी भांडण लिहिलं होतं. तू श्रद्धांजली वाचलीस.”

असं वर्षभर चाललं. नावं वाढत गेली, आभा काउंटरवर पावत्या फाडत राहिली. मधेच कधी वर्ग सुटल्यावर ती आत जायची, फळा पुसायची, आणि पुसायच्या आधी कुशलच्या वाक्यातलं एखादं क्रियापद बदलायची. वाचायला कुणी नसायचं.

मग अबू सैफ आला. हा तिथलाच माणूस, दुबईतल्या बर दुबई भागात खाडीजवळ त्याचं ऑफिस, धंदा बोटींना लागणारे पंप विकण्याचा. मंदीत त्याची जवळची गिऱ्हाइकं बुडाली होती, लांबची उरली होती, म्हणजे युरोपातली. तो अलीमियाँसमोर बसला आणि आखाती हिंदीत म्हणाला, “हमको अंग्रेज माँगता.”

“हौ साब, अंग्रेजी का क्लास...”

“अंग्रेजी नहीं. अंग्रेज. बैठना कैसा, खाना कैसा, हात मिलाना कैसा, सब. हमारा सेल्समन लोग सीखेगा. तुम्हारा साहब हमारे साथ लंच खाएगा, वो लोग देखेगा.”

लंचला कुशल गेला. सोबत आभा, पाहुणीच्या नात्याने नव्हे, मार्कर आणि कागद उचलायला. न्यायला अबू सैफचा ड्रायव्हर आला होता. तो दापोलीचा, दौलत. आरशातून तो कुशलकडे बघत होता, रस्त्याकडे बघायच्या वेळीसुद्धा.

“साहेब कुठले?” शेवटी त्याने हिंदीत आभाला विचारलं.

“इंग्लंडचे.”

“असतील,” दौलत मराठीत स्वतःशी म्हणाला. “तिकडं पण कोकण असंल.”

ऑफिसच्या लांब टेबलाभोवती सेल्समन बसले होते. मलबारी, पेशावरी, फिलिपिनो, दोन गुजराथी. प्रत्येकाच्या हातात काटा-चमचा, आणि सगळ्यांचे डोळे कुशलच्या हातांवर. बिर्याणी आली. पाहुण्यासाठी म्हणून अबू सैफने मुद्दाम साधा वाफाळता भात आणि वरणासारखी पिवळी दालही मागवली होती.

इथे कुशलची गाडी रुळावरून घसरली. मुंज झाल्यापासून आजोबांच्या धाकात लागलेली सवय. देवाधर्माचं त्याला फारसं काही नव्हतं, पण सकाळपासून पोटात काही नाही आणि समोर पांढरा भात, पिवळं वरण. हाताने त्याला न विचारता ग्लास उचलला. उजव्या तळव्यावर पाणी घेतलं, ताटाभोवती फिरवलं, उजवीकडे भाताची चार शितं मांडली, तळव्यात उरलेलं पाणी पिऊन टाकलं. मग त्याचं त्यालाच कळलं आणि तो शितांकडे बघत बसला.

दारात उभा असलेला दौलत तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाला.

“ये क्या?” अबू सैफने विचारलं.

कुशलने तोंड उघडलं. आता तोंडातून काही निघालं असतं तर ते मराठीतच निघालं असतं, हे आभाला दिसलं. व्हिसा, खोली, वर्ग, सगळं त्या चार शितांपाशी येऊन थांबलं होतं.

“फार जुनी पद्धत आहे, सर,” ती स्वच्छ इंग्रजीत म्हणाली. “जुन्या घराण्यांत अजून पाळतात.”

यात खोटं काहीच नव्हतं.

अबू सैफ प्रसन्न झाला. “अच्छा है. हमारे में बिस्मिल्ला, इनके में पानी.” मग सेल्समनांवर गरजला, “देखता क्या है? यल्ला!”

आणि साऱ्या टेबलावर पाणी फिरलं.

पुढचं तुम्हाला खरं वाटणार नाही, त्याला माझा इलाज नाही. त्या हिवाळ्यात बर दुबईतल्या हॉटेलांत टेबलं पुसणारी माणसं वाढवावी लागली. पेशावरी सेल्समनने ही इंग्रजी पद्धत एका इराण्याला शिकवली. इराण्याने ती एका जर्मनासमोर केली. जर्मनाला ती अरबी वाटली, म्हणून आदराने त्यानेही केली आणि एका जपानी माणसाला शिकवली. जपानी माणसाने शितं चारऐवजी पाच ठेवायला सुरुवात केली, कारण त्यांच्यात म्हणे चार अशुभ. मीना बाजारात एका हॉटेलवाल्याने तर भातासोबत कोपऱ्यात ठेवायची शितं वेगळी द्यायला सुरुवात केली.

इथवर सगळं गमतीत गेलं. मग लिव्हरपूलहून एक साहेब आला. खरा. त्याच्या कंपनीच्या सगळ्या बोटींना पंप हवे होते. अबू सैफने मोठं जेवण ठेवलं आणि मिस्टर रिस्बींना निरोप धाडला, तुमच्या मुलखाचा माणूस येतोय, त्याच्या शेजारी बसा.

“मी आजारी पडतो,” कुशल म्हणाला.

“किती दिवस पडशील?” आभा म्हणाली. “चल. गप्प बसायचं. आणि बोलायचंच झालं तर खरं बोलायचं, थोडं.”

तो साहेबाशेजारी बसला. आभा मागे, भिंतीला लागून. साहेबाने विचारलं, “तुम्ही कुठले?”

“किनाऱ्याकडचा,” कुशल म्हणाला.

“कुठला किनारा?”

“पश्चिम.”

“हं. पाऊस फार असेल.”

“फार.”

“आणि मासे.”

“आमच्या घरी खात नाहीत,” कुशल म्हणाला, आणि आभाने मागे डोळे मिटले. पण साहेबाने सहानुभूतीने मान हलवली. असतात काही घरं अशी, असा त्याचा चेहरा झाला.

तेवढ्यात जेवण आलं आणि टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या सेल्समनांनी एकदम तळव्यावर पाणी घेतलं, फिरवलं, शितं मांडली, पाणी प्यायले. कवायत व्हावी तसं. अबू सैफ छाती काढून साहेबाला म्हणाला, “सी? ऑल लाइक यू. तुम्हारा माफिक.”

साहेबाने टेबलावरची पाण्याची वर्तुळं पाहिली. मग कुशलकडे पाहिलं. मग यजमानाकडे. मागे आभा साहेबाकडे बघत होती. तिच्या मनात त्या क्षणी भीती होती की इच्छा, हे तिने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. आता हा माणूस म्हणेल, हे काय आहे, मी आयुष्यात पाहिलेलं नाही. मग खलास. एक तर पुणे, नाही तर इंग्रज संपला आणि फळा मोकळा.

पण इंग्रज माणूस दुसऱ्याच्या टेबलावर बसून यजमानाला खोटं पाडत नाही. पंप स्वस्तात हवे असतील तर मुळीच नाही.

“आमच्याकडे हल्ली कमी झालंय,” तो खेदाने म्हणाला. “बरं वाटलं पाहून.” आणि त्याने तळव्यावर पाणी घेतलं. अर्धं स्वतःच्या पँटवर सांडलं.

झालं. कुशलवर लिव्हरपूलचा शिक्का बसला. अबू सैफने आपल्या सगळ्या शाखांचं शिक्षण अलीमियाँना देऊन टाकलं. अट एकच, शिकवायला फक्त इंग्रज, दुसरं कुणी नको. मार्कर उचलणारीसुद्धा नको, मार्कर ऑफिसात आहेत.

अलीमियाँ खूश होऊन मिठाई घेऊन आले. आभाने विचारलं, “मार्केट तो सुधर गया. मेरी शाम की बॅच?”

“मॅडम, अब तो साब की शाम बी बुक हो गयी ना.”

घरी कुशल म्हणाला, “मी काय करू, तूच सांग.”

“वर्गात जाऊन खरं सांग.”

“सांगतो.”

तो गेला आणि न सांगताच परत आला. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “राहू दे. इंग्रजाचं काम नाही ते.” मग मार्कर उचलणारी दिसू नये म्हणून तिने केस कापून घेतले, साडी नेसण्याऐवजी पँट-शर्ट घातला आणि अब्रा म्हणतात त्या होडीतून खाडी ओलांडून एकटी अबू सैफच्या ऑफिसात गेली.

त्याने तिला बसवलं, कहवा दिला.

“साहब,” ती म्हणाली, “मिस्टर रिस्बी अंग्रेज नहीं हैं. मेरे हसबंड हैं. हम पुणे से आये हैं.”

अबू सैफने शांतपणे स्वतःच्या कपात कहवा ओतला. “कौन बोला?”

“मैं बोल रही हूँ.”

“लिव्हरपूल का आदमी बोला, अंग्रेज है. तुम बोलता, नहीं है. लिव्हरपूल को जास्ती मालूम कि तुमको?”

“साहब, मैं उसकी बायको... वाइफ हूँ.”

“वाइफ को सब मालूम नहीं होता, मॅडम. देखो. अबू सैफ सारा दुबई को बोला, हमारे पास अंग्रेज है. वो अंग्रेज नहीं, तो अबू सैफ गधा. अबू सैफ गधा है?”

“नहीं.”

“खलास. तो अंग्रेज है.”

वर्गात कुणी असा मुद्दा मांडला असता तर आभाने त्याला शाबासकी दिली असती. तिने कहवा संपवला. खिडकीखालून अब्रा जात-येत होत्या. उठायच्या बेतात असताना तिला आपलाच वर्ग आठवला. भाडेकरू हरायला लागला की ती म्हणायची, त्याचंच वाक्य घ्या आणि पुढे न्या.

ती परत बसली.

“ठीक है. हसबंड अंग्रेज. तो वाइफ क्या?”

अबू सैफचा कप हातातच राहिला. हा प्रश्न त्याच्या देशात रोजचा होता. हजार माणसांच्या बायकांच्या व्हिसाच्या कागदांवर त्याने सह्या केल्या होत्या.

“वीझा किसका?”

“उसका. मैं उसके वीझा पे.”

“उसके वीझा पे?” तो खुर्चीत मागे रेलला. “तो जो वो, सो तुम. कानून है. मॅडम, ये पहले क्यों नहीं बोला?” मग दाराकडे बघून, आवाज खाली आणून म्हणाला, “तुम्हारा हसबंड अच्छा आदमी है. मगर हमारा लोग सब सो जाता है. तुम्हारा क्लास में सोता?”

“माझ्या... मेरे क्लास में भांडते हैं. झगडा.”

“हबीबती,” अबू सैफ म्हणाला, “सेल्स में और क्या है?”

जिन्यातली पाटी बदलली. मिसेस रिस्बी, थेट इंग्लंडहून. अलीमियाँनी आधी कपाळाला हात लावला, तिच्या रंगाबद्दल काहीतरी पुटपुटले, पण खुद्द अबू सैफने मोहोर उठवली म्हटल्यावर तेही म्हणायला लागले, तिकडेही असतात असे, उन्हाळा कडक असतो काही भागांत. कुशलला रिसेप्शनवर बसवलं. तो तिथे फार शोभला. घारे डोळे वर करून तो “गुड इव्हनिंग” म्हणायचा आणि पावती फाडायचा. नुसतं तेवढं ऐकायला लोक दोन जिने चढून यायचे आणि नाव घालून जायचे. त्याला स्वतःलाही बरं वाटत होतं. चहा तेवढा लपून प्यावा लागायचा.

पहिल्या संध्याकाळी आभा वर्गात गेली तेव्हा बाकं भरली होती. बहुतेक अबू सैफची माणसं, पंपवाली. ती फळ्यापुढे उभी राहिली. वर्ष उलटून गेल्यावर पहिल्यांदा तिथे पुसायला नव्हे तर लिहायला. तिने दोघांना उठवलं, एकाला बोटीचा कप्तान केलं, दुसऱ्याला पंपवाला. “पंप समुद्राच्या मध्यावर बंद पडलाय. भांडा.” पाच मिनिटांत आवाज रस्त्यावर ऐकू जायला लागला. शेवटच्या बाकावरची दोन माणसं कप्तानाच्या बाजूने उभी राहिली, त्यांचा काही संबंध नसताना.

भांडण मिटल्यावर तिसऱ्या रांगेतला मोहिद्दीन तसाच उभा राहिला. मंदीच्या आधी तो ब्रोकर होता आणि याच खोलीत, याच बाकावर, आभाच्याच समोर सहा महिने बसलेला होता. आता पंप विकत होता. त्याने तिला ओळखलं होतं की नाही, हे सांगणं कठीण आहे. ज्याची नोकरी कशीबशी टिकली आहे तो माणूस फारशा ओळखी काढत नाही.

“मॅडम,” तो इंग्रजीत म्हणाला, “तुमच्यासारखंच शिकवणारी एक टीचर होती इथे. इंडियन लेडी. फार चांगली होती.”

आभाने त्याच्याकडे पाहिलं. “मग तिचं काय झालं?”

“रिसेशन, मॅडम.”

“पूर्ण वाक्यात सांगा,” आभा म्हणाली आणि त्याचं वाक्य उतरवून घ्यायला फळ्याकडे वळली.